कर्तव्य पाठ आहे, कायदा कुठे आहे?

महाराष्ट्रातील शाळकरी मुलाच्या हाती जे पाठ्यपुस्तक पडते, त्याच्या आरंभीच्या पानांवर प्रतिज्ञा असते, संविधानाची उद्देशिका असते आणि नागरिकांची मूलभूत कर्तव्येही असतात. वने, नद्या, सरोवरे आणि वन्य जीव यांचे जतन करणे हे त्यांपैकी एक. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते अनुच्छेद ५१ क मध्ये आले. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ४८ क अन्वये पर्यावरणरक्षणाची जबाबदारी राज्यावरही टाकली. सातवीतला चुणचुणीत विद्यार्थी हे कर्तव्य घडाघडा म्हणून दाखवतो. पण त्यालाच विचारावे, की बाळ, तुझ्या गावच्या ओढ्यावर उद्या जांभळा फेस तरंगू लागला, तर तक्रार कोणाकडे करायची? विद्यार्थी गुरुजींकडे पाहतो आणि गुरुजी खिडकीबाहेर पाहतात. कर्तव्य पाठ झाले आहे. ते पार पाडण्याची वाट मात्र कोणी दाखवलेली नाही.

पर्यावरण हा विषय शाळेत आला तो शिक्षणतज्ज्ञांच्या आग्रहापेक्षा न्यायालयाच्या आदेशाने, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते. महेशचंद्र मेहता या विधिज्ञांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर अनिवार्य करण्याचा निर्देश दिला. त्याच निर्णयात चित्रपटगृहांतून पर्यावरणाविषयीच्या पारदर्शिका दाखवाव्यात, आकाशवाणी व दूरदर्शनने रोज काही मिनिटे द्यावीत, असेही सांगितले होते. बारा वर्षे उलटूनही अनेक राज्ये ढिम्म राहिली, तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम तयार करून घ्यावा लागला. म्हणजे ज्या विषयाचा शाळाप्रवेशच कायद्याच्या बळावर झाला, त्या विषयात कायद्यालाच बसायला जागा मिळाली नाही.

मग शाळेत आले काय? प्राथमिक वर्गांत परिसर अभ्यास आला आणि तो पुष्कळ अंशी चांगला आहे. वरच्या वर्गांत प्रकल्पवह्या आल्या, ज्या बहुधा आई रात्री जागून पूर्ण करते. ५ जूनची घोषवाक्ये आली, जुलैतला वनमहोत्सव आला. पाहुणे बदलतात, छायाचित्रे बदलतात, खड्डा मात्र पुष्कळदा गेल्या वर्षीचाच असतो! या साऱ्यातून मुलाच्या मनावर एकच ठसा उमटतो, की पर्यावरण ही चांगुलपणाची बाब आहे. चांगल्या मुलाने कागद कचरापेटीत टाकावा, नळ बंद करावा. हे संस्कार हवेतच, त्यांची टवाळी करण्याचे कारण नाही. पण नदी जी मैली होते, ती काही मुलांनी टाकलेल्या चॉकलेटच्या वेष्टनांनी नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशातील शहरांतून दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते सुमारे २०,२३६. सातवीच्या मुलाला शेकडेवारी येते. त्याला हे गणित घालावे. उरलेले पाणी कुठे गेले, हा पुढचा प्रश्न तो आपणहून विचारील. आणि तिथेच कायद्याचा पहिला धडा सुरू होतो. कारण १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियमाने नदीत दूषित पाणी सोडण्यास जो मज्जाव केला, तो जसा कारखान्याला लागू आहे, तसाच नगरपालिकेलाही.

आज मुलाची पर्यावरणविषयक कायद्याशी गाठ पडते ती वर्षातून दोनदा, गणेशोत्सवात आणि दिवाळीत. पीओपीच्या मूर्तींविषयी २०२० साली केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली अशा मूर्ती घडवण्यावरील बंदी दूर केली, पण सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावातच करण्यास सांगितले. फटाक्यांच्या वेळांविषयी सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश २०१८ पासून चर्चेत आहेत. या निर्बंधांची आवश्यकता नाकारण्याचे कारण नाही. नदी ज्यांना माता आहे, त्यांनी तिच्या पोटात प्लॅस्टर ढकलू नये, हे सांगण्यासाठी खरे तर न्यायालय लागू नये. पण मुलाच्या बाजूने विचार केला पाहिजे. वर्षाचे उरलेले साडेअकरा महिने त्याच नदीत रसायन आणि मैला वाहत असतो, त्याविरुद्ध अधिक जुने आणि अधिक कडक कायदे आहेत, हे त्याला कोणीच सांगत नाही. परिणामी त्याच्या मनात कायद्याची प्रतिमा तयार होते ती आपल्या सणाच्या आड येणारा कोणी परका, अशी. ही प्रतिमा समाजाच्या हिताची नाही आणि नदीच्याही नाही. त्यावरचा उपाय कायदा कमी सांगणे हा नसून तो पुरता सांगणे हा आहे. ज्या मुलाला कारखान्याचे संमतीपत्र म्हणजे काय ते कळले, त्याला कृत्रिम तलावाचे कारणही रागाविना कळेल.

अकरा-बारा वर्षांच्या मुलांना कायदा काय समजणार, हा आक्षेप हमखास घेतला जातो. ज्यांनी या वयाच्या मुलांना गल्लीत क्रिकेट खेळताना पाहिले आहे, त्यांनी तो घेऊ नये. चेंडू कुठे गेला तर बाद, वाद झाला तर निवाडा कोणाचा, साक्ष कोणाची धरायची, याची जी सूक्ष्म घटना तिथे तयार होते, ती पाहून वकिलानेही चकित व्हावे. न्याय-अन्यायाची जाण या वयात जितकी तीव्र असते तितकी पुढे राहत नाही. हवे आहे ते कलमांचे पाठांतर नव्हे, खऱ्या घटनांची गोष्ट.

अशा गोष्टींत मध्य प्रदेशातील रतलामची गोष्ट पहिली यावी. तिथल्या एका वस्तीत गटारे उघडी होती, आडोशाअभावी लोक रस्त्याकडेला शौचाला बसत आणि भरीला मद्यार्काच्या कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी रस्त्यावर वाहत येई. नगरपालिका दाद घेईना. रहिवाशांनी मोठ्या न्यायालयाचा उंबरठा गाठला नाही. ते गेले स्थानिक दंडाधिकाऱ्यांकडे आणि त्यांनी आधार घेतला फौजदारी प्रक्रिया संहितेतील सार्वजनिक उपद्रव दूर करण्याविषयीच्या कलम १३३ चा. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला काम करण्याचा आदेश दिला. सत्र न्यायालयात तो फिरला, उच्च न्यायालयात पुन्हा उभा राहिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नगरपालिकेचे म्हणणे एकच होते, तिजोरीत पैसा नाही. जुलै १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला, की कायद्याने जे मूलभूत काम नगरपालिकेवर सोपवले आहे, ते टाळण्यासाठी निधीचा अभाव ही सबब चालणार नाही.

या एका गोष्टीत केवढे नागरिकशास्त्र सामावले आहे! नगरपालिकेची कर्तव्ये त्यात आहेत, न्यायालयांची उतरंड आहे, एका निकालावर दुसरीकडे दाद मागता येते हे आहे आणि गटारासारख्या क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूसाठी सामान्य माणसे दिल्लीपर्यंत जाऊन जिंकू शकतात, हेही आहे. त्यासाठी अनेक वर्षे चिकाटी धरावी लागते, हे सत्यही मुलांपासून लपवू नये. तो जुना फौजदारी कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली असली, तरी उपद्रव दूर करण्याची ही तरतूद तिच्या कलम १५२ मध्ये कायम आहे. गावातल्या कोणालाही ती आजही वापरता येते. किती गावांत ती कोणाला ठाऊक आहे?

दुसरा धडा पाण्याच्या नमुन्याचा घ्यावा. कारखान्यातून बाहेर पडणारे पाणी दूषित आहे हे नुसते नाकाने ठरत नाही, वर्तमानपत्रातल्या बातमीनेही ठरत नाही. मंडळाच्या अधिकाऱ्याने चालकाला सूचना द्यायची, त्याच्यासमोर नमुना घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांना मोहोर लावायची, दोघांनी सह्या करायच्या, एक बाटली मंडळाच्या प्रयोगशाळेत पाठवायची आणि चालकाने मागणी केली तर दुसरी वेगळ्या प्रयोगशाळेत. ही पद्धत कायद्यातच सांगितली आहे. विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग शाळेच्या नळावर करून दाखवता येईल. त्यातून मुलाला पाण्याची परीक्षा तर कळेलच, पण त्याहून मोलाची गोष्ट कळेल, की ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. आरडाओरडीच्या आजच्या काळात हा संस्कार थोडाथोडका नाही.

पर्यावरणरक्षणाचा विचार १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतून आपल्याकडे आला, असे सांगण्याची प्रथा आहे. कायद्यांच्या आजच्या मालिकेपुरते ते खरे आहे. त्या परिषदेनंतरच १९७४ चा पाण्याचा आणि १९८१ चा हवेचा कायदा झाला. १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम तर भोपाळच्या वायुकांडाच्या राखेतून उभा राहिला. पण नियम करून झाड राखण्याची कल्पना या भूमीला नवी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगरातील उपवनांमधील फळा-फुलांच्या झाडांचे कोवळे अंकुर तोडणाऱ्यास सहा पण, लहान फांद्या तोडणाऱ्यास बारा, मोठ्या फांद्यांसाठी चोवीस असा चढता दंड सांगितला आहे. अपराधाच्या प्रमाणात शिक्षा असावी, हे तत्त्व शिकवायला याहून सोपे उदाहरण कोणते?

आणि महाराष्ट्रातील मुलाला तर रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आपल्या घरचेच आहे. शिवछत्रपतींच्या राज्यनीतीचा जो आशय त्यात उतरला आहे, त्यात आरमाराच्या प्रकरणी लाकडाचा प्रश्न येतो. जहाजे बांधायची तर लाकूड हवेच, म्हणजे राज्याच्या संरक्षणाचीच निकड आहे. तरीही तिथे सांगितले आहे, की आंबा, फणस यांची झाडे उपयोगी असली तरी त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी जपून वाढवलेली असतात आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार उरत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच ते तोडावे. जबरदस्ती अजिबात नको. या मजकुराचा आपण सहसा भाषणात गौरव करतो आणि पुढे जातो. वास्तविक तो गौरवापेक्षा अभ्यासाला अधिक योग्य आहे. राज्याची गरज कितीही मोठी असली तरी मालकाची संमती, योग्य मोबदला आणि सक्तीला मनाई या मर्यादा सत्तेने स्वतःवर घालून घेतल्या आहेत. आजच्या भूसंपादनाच्या किंवा जनसुनावणीच्या तरतुदी शेजारी ठेवून आठवीच्या वर्गाने त्यांची तुलना करावी. इतिहासाचा तास आणि नागरिकशास्त्राचा तास प्रथमच एकमेकांशी बोलतील.

राष्ट्रीय विचारांच्या घरांतून या विषयाबाबत एक शंका बोलून दाखवली जाते. पर्यावरणाच्या नावाखाली प्रत्येक धरण, प्रत्येक रस्ता, प्रत्येक बंदर अडवणारी मंडळी आपण पाहिली आहेत. शाळेतच कायदा शिकवून त्यांचीच नवी पिढी उभी करायची काय? शंका निराधार नाही, पण तिचे उत्तर अज्ञानात नाही. कायदा नीट शिकवला तर तो आंदोलक घडवीत नाही, तसाच मुकाट मान डोलावणाराही घडवीत नाही. मुंबईतील आरे वसाहतीचे उदाहरण घ्यावे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात तोडण्यात आली. विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. ते पत्रच याचिका मानून सुट्टीच्या काळात विशेष खंडपीठ बसले आणि पुढील तोड थांबवण्यात आली. गोष्ट इथे संपवली तर ती अर्धवट राहते. पुढे न्यायालयाने प्रकल्पाला मार्ग मोकळा केला. मात्र परवानगी ८४ झाडांची असताना परस्पर अधिक झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे गेल्याबद्दल एप्रिल २०२३ मध्ये मेट्रो महामंडळाला दहा लाख रुपये भरण्यास सांगितले आणि त्याच आदेशात १७७ झाडे काढण्याची मुभाही दिली. ऑक्टोबर २०२५ पासून ती भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण मार्गावर धावते आहे. झाडे हवीत आणि मेट्रोही हवी, या पेचात न्यायालय कसे पाऊल टाकते, कुठे थांबवते, कुठे सोडते, हे दोन्ही बाजूंनी वर्गात मांडू द्यावे. अर्धी मुले झाडांच्या बाजूने उभी राहतील, अर्धी लोकलला लोंबकळणाऱ्या प्रवाशांच्या बाजूने. दोन्ही बाजूंना बोलायला भरपूर आहे.

कायदा शिकवायचा म्हणजे त्यातील उणिवाही शिकवायच्या. १९८६ च्या अधिनियमात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने ती बदलून १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांच्या दंडाची पद्धत आणली, दंड न भरल्यास मात्र कैद होऊ शकते. क्षुल्लक चुकीसाठी उद्योजकाला फौजदारी खटल्यात अडकवू नये, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण वर्गातले एखादे पोर विचारील, की ज्याची उलाढाल शेकडो कोटींची आहे त्याला पंधरा लाखांचे भय कसले? शिक्षकाने हा प्रश्न टाळू नये. सरकार कोणत्या पक्षाचे आहे, यावर उत्तर ठरू नये.

खरी कसोटी मात्र घराजवळ आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी राज्य सरकारची अधिसूचना लागते. म्हणजे मूल ज्या बाकावर बसून हा नियम वाचील, तो बाकही या नियमाच्या कक्षेत येऊ शकतो. ध्वनिक्षेपक लावणे हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट केले आहे आणि ‘कोणत्याही’ या शब्दात सर्व आले. भोंग्यांविषयी तावातावाने बोलणाऱ्या घरातले मूल उद्या हा नियम शिकून येईल आणि वडील ज्या मंडळाचे कार्यदर्शी आहेत त्याच्या डीजेची भिंत किती डेसिबलची, असे जेवताना विचारील. तेव्हा त्याला ‘तू अभ्यास कर’ असे उत्तर मिळाले, तर वर्षभराचे शिकवणे एका वाक्यात पुसले जाईल. कार्यकर्त्यांनी या प्रश्नाची तयारी आतापासून ठेवलेली बरी. टिळकांनी उत्सव सार्वजनिक केला तो लोकांना एकत्र आणण्यासाठी, शेजारच्या म्हाताऱ्याच्या छातीत धडधड वाढवण्यासाठी नव्हे.

हे सारे कोणत्या तासाला शिकवायचे? आणखी एक विषय, आणखी एक पुस्तक आणि आणखी वीस गुण, असा उपाय सुचवणाऱ्यांनी मुलांच्या दप्तराचे वजन एकदा स्वतः उचलून पाहावे. नवा विषय नको. नागरिकशास्त्राच्या पुस्तकांची विभागणी आजवर सहावीला स्थानिक शासन संस्था, सातवीला संविधान आणि आठवीला संसदीय शासनपद्धती अशी होती. पर्यावरणाच्या कायद्याला याहून सोयीचा साचा मिळणार नाही. ग्रामपंचायत आणि नगरपालिका शिकताना गावचा कचरा, सांडपाणी आणि वृक्ष प्राधिकरण यांचे काम शिकता येते. १९७५ च्या राज्याच्या वृक्ष अधिनियमानुसार शहरात तोडायच्या झाडावरच नोटीस लावावी लागते. ती नोटीस मुलांना नेऊन दाखवावी. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसावृक्षाचा दर्जा मिळाला आणि असे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याचे बंधन आले, हे ऐकून मुले शाळेसमोरच्या वडाचे वय शोधू लागतील. संविधानाच्या धड्यात जगण्याच्या हक्काचा अनुच्छेद २१ येतो, त्यात स्वच्छ हवा-पाण्याचा हक्क न्यायालयांनी कसा वाचला ते सांगावे. संसद शिकताना भोपाळपासून १९८६ च्या अधिनियमापर्यंतचा प्रवास सांगावा आणि न्यायव्यवस्था शिकताना २०१० च्या कायद्याने आलेले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, ज्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच बसते.

राज्यात नव्या अभ्यासक्रमाची अंमलबजावणी २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. उच्च प्राथमिक वर्गांची पुस्तके नव्याने लिहिली जाण्याचा हा काळ आहे, म्हणून ही मागणी आत्ताच करायला हवी. पुस्तके छापून झाली की पुढली संधी दहा-पंधरा वर्षांनी येते. आणि पुस्तकाच्याही आधी शिक्षकाचा विचार व्हावा. निवडणुका, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी यांत गुरफटलेल्या माणसावर कायद्याचे ओझे नुसते टाकून चालणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे, विधी साक्षरता हे त्याचे विहित काम आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तालुक्याच्या ठिकाणी दोन दिवसांचे वर्ग घ्यावेत, त्यांत एक वकील, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा एक क्षेत्र अधिकारी आणि वनखात्याचा एक वनपाल यांनी शिक्षकांशी बोलावे. याला वेगळ्या निधीची फारशी गरज नाही. संस्थाचालकांनी सरकारी परिपत्रकाची वाट न पाहता येत्या जूनपूर्वी आपल्या शाळांपुरते हे वर्ग भरवले, तर त्यांना कोणी अडवणारही नाही.

परीक्षेत मात्र कलमांचे क्रमांक विचारू नयेत. आठवीच्या मुलाला एक कोरा कागद द्यावा आणि गावच्या ओढ्याविषयी ग्रामपंचायतीला किंवा मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला अर्ज लिहायला सांगावे. दिनांक, ठिकाण, काय दिसले, कधीपासून, कोणती कारवाई अपेक्षित आहे. अर्ज चांगला झाला तर त्याला दहापैकी गुण द्यावेत, पालकांची सही घ्यावी आणि तो खरोखरच टपालात टाकावा.